लस आमच्या फ्रीजमध्ये आहे आणि माणूस समोर उभा आहे

खुलं पत्र : आरोग्याचे कायदे करणारे लोकप्रतिनिधी, औषध नियामक आणि डॉक्टरांच्या संघटना यांना

मा. महोदय / महोदया,

स. न. वि. वि.

मी फार्मासिस्ट आहे. वीसहून जास्त वर्षं औषधांच्या काउंटरमागे उभी आहे. आपल्याकडे एक मागणी करायची आहे, पण त्याआधी घडलेली एक गोष्ट सांगते.

एका संध्याकाळी एक गृहस्थ आईसाठी न्यूमोनियाची लस न्यायला आले. आई सत्तरीच्या पुढच्या, जुना दमा. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत होती. मी फ्रीजमधून खोकं काढलं, बॅच नंबर आणि मुदत त्यांना दाखवली. आइस पॅक कागदात गुंडाळला, कारण लस थेट बर्फाला टेकली तर गोठते. पिशवी हातात देताना नेहमीचं सगळं सांगितलं. सरळ दवाखान्यात जा. आज जमलं नाही तर फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवा, दारात नको, फ्रीझरमध्ये तर अजिबात नको. त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. दवाखान्यात पोचेपर्यंत डॉक्टरांची वेळ संपली होती, म्हणून लस घरी नेली. घरातल्या कुणीतरी, काळजीपोटीच, ती रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवली. "आता बाहेर काढून ठेवलीय. चालेल ना?"

नाही चालत. त्या लसीत अॅल्युमिनियमचे क्षार असतात. लस गोठली की त्यांच्या गुठळ्या होतात आणि वितळल्यावर ती पूर्वीसारखी होत नाही. धनुर्वाताची, हिपॅटायटिस बीची, गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणारी एचपीव्हीची लस, सगळ्यांचं असंच. वरून बघून दर वेळी कळेलच असंही नाही. मी त्यांना फोनवर सांगितलं की ती टोचून घेऊ नका, टाकून द्यावी लागेल. पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मग "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. त्यांच्या आईंना पुढे लस मिळाली की नाही, मला आजही माहीत नाही. ते नंतर लस न्यायला आले नाहीत.

त्या लसीचा सगळा प्रवास मला डोळ्यांसमोर दिसतो. कारखान्यापासून वितरकापर्यंत, वितरकापासून माझ्यापर्यंत, प्रत्येक टप्प्यावर २ ते ८ अंश सेल्सिअस. ती आली तेव्हा खोक्यातला तापमापक तपासून मगच मी ती ताब्यात घेतली. माझ्या फ्रीजचं तापमान सकाळी आणि संध्याकाळी वहीत लिहिलं जातं, वीज गेली तर किती वाजता गेली आणि कधी आली तेही. इतक्या जणांनी इतकी काळजी घेऊन सांभाळलेली लस शेवटच्या काही तासांत वाया गेली, कारण माझ्या काउंटरपासून त्या माउलीच्या दंडापर्यंतचं अंतर कायद्याने मोकळं सोडलं आहे. त्या अंतरात ना नोंदवही आहे, ना तापमापक. आहे ती एक पिशवी आणि एका मुलाची धावपळ.

ज्या ज्या ठिकाणी फार्मासिस्टला लस मागवता येते, साठवता येते, तिच्याबद्दल सल्ला देता येतो, विकता येते, पण टोचता येत नाही, तिथला कायदा बदला. प्रशिक्षण घेतलेल्या, परीक्षा दिलेल्या आणि नोंदणी केलेल्या फार्मासिस्टला प्रौढांना आणि मोठ्या मुलांना लस टोचण्याचा अधिकार द्या. जिथे हा अधिकार फक्त फ्लूपुरता आहे, तिथे तो वाढवा. माझी मागणी एवढीच आहे. अटी घालायच्या त्या खुशाल कडक घाला, त्यातल्या काही तर मीच पुढे सुचवणार आहे.

पहिली शंका साहजिकच सुरक्षिततेची. सुई टोचणं ही काही साधी गोष्ट नाही, हे मला मान्य आहे, आणि म्हणूनच त्याबद्दल मोघम बोलायचं नाही. प्रौढ माणसाला दंडात लस द्यायची तर आधी बाही पूर्ण वर गेली पाहिजे. गळ्यातून कपडा खाली ओढून खांदा अर्धवट उघडा करायचा नाही, तसं केलं की हात हमखास वर जातो. खांद्याच्या टोकाचं हाड बोटांनी चाचपायचं, त्याच्या खाली दोन-तीन बोटं सोडायची आणि स्नायूच्या मध्यभागी काटकोनात सुई घालायची. जागा वर चुकली तर लस स्नायूऐवजी सांध्याजवळ जाते आणि माणसाचा खांदा महिनोन्‌महिने दुखत राहू शकतो. लसीत दोष नसतो, हाताची चूक असते. ही चूक टाळायला शिकवावं लागतं, करून घ्यावं लागतं, कुणीतरी शेजारी उभं राहून तपासावं लागतं. पण हे शिकायला पाच-सहा वर्षांचं वैद्यकीय शिक्षण लागत नाही. जगात बहुतेक लसी आजही डॉक्टर टोचत नाहीत, नर्स आणि आरोग्यसेविका टोचतात, आणि उत्तम टोचतात.

देवीचं निर्मूलन आठवा. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने देवी जगातून गेल्याचं जाहीर केलं. ती गेली ती दोनटोकी सुईमुळे आणि ती सुई हातात घेऊन दारोदार फिरलेल्या हजारो माणसांमुळे. त्यातले कितीतरी जण डॉक्टर नव्हते, नर्सही नव्हते. सुई मुद्दाम इतकी सोपी केली होती की थोडक्या वेळात कुणालाही शिकवता यावी. आजची स्नायूत द्यायची लस त्याहून अवघड आहे, हे खरं. पण औषधशास्त्राची पदवी किंवा पदविका घेतलेल्या, मात्रा आणि औषधांचे परिणाम यांतच आयुष्य काढणाऱ्या माणसाला ती शिकता येणार नाही, असं कुणी मनापासून म्हणेल असं वाटत नाही.

खरी भीती असते ती अॅनाफिलॅक्सिसची, म्हणजे लसीनंतर अचानक येणाऱ्या तीव्र अॅलर्जीची. ती येते, पण फार क्वचित. साधारण दहा लाख डोसमागे एखाददुसऱ्या वेळी. क्वचित म्हणून तयारी सैल ठेवायची, असं मात्र मी म्हणणार नाही. लस दिल्यावर माणसाला पंधरा मिनिटं समोर बसवून ठेवायचं, पूर्वी अशी रिअॅक्शन आली असेल तर अर्धा तास. अॅड्रेनलिन, म्हणजे अशा अॅलर्जीवरचं तातडीचं इंजेक्शन, कपाटात कुलूप लावून नाही, हाताशी. अंगावर पित्त उठलं, आवाज घोगरा झाला, श्वास लागला, तर आडवं करायचं, पाय वर घ्यायचे, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत अॅड्रेनलिन द्यायचं, प्रौढाला अर्धा मिलिग्रॅम, आणि त्याच क्षणी रुग्णवाहिका बोलवायची. हे मला झोपेतून उठवलं तरी करता आलं पाहिजे, आणि दर एक-दोन वर्षांनी माझी त्यात पुन्हा परीक्षा घेतली गेली पाहिजे. ज्याला हे येत नाही त्याने सुई हातात घेऊ नये, मग तो फार्मासिस्ट असो की आणखी कुणी. अॅनाफिलॅक्सिसपेक्षा कितीतरी जास्त वेळा घडतं ते साधी चक्कर येणं, विशेषतः किशोरवयीन मुलांना. म्हणून खुर्चीला हात हवेत आणि आडवं करायला जागा हवी. आडोसाही हवा. गल्ल्याजवळ, रांगेतल्या लोकांसमोर कुणाची बाही वर करायला लावणं मला स्वतःला पटणार नाही.

आता दुसरी बाजू सांगते, जी या चर्चेत फारशी कुणी मांडत नाही. टोचण्याच्या कामात आम्ही नवखे असू, पण लस कुणाला द्यायची आणि कुणाला नाही, हे ठरवताना लागणारी बरीच माहिती आमच्याकडेच असते.

मधुमेहाच्या गोळ्या घेणारा माणूस डॉक्टरांकडे वर्षातून दोनदा जात असेल तर खूप झालं. माझ्याकडे तो दर महिन्याला येतो. दम्याचा पंप संपला की येतो, रक्तदाबाची गोळी संपली की येतो. ज्यांना फ्लूची आणि न्यूमोनियाची लस सगळ्यांत आधी मिळायला हवी ते हेच लोक. मला त्यांचे चेहरे माहीत आहेत, आवाज माहीत आहेत, कुणाचा पंप हल्ली लवकर संपायला लागलाय हेही माहीत आहे. मी प्रत्येक वेळी विचारते, "या वर्षी फ्लूची लस घेतली का?" उत्तर ठरलेलं असतं. घ्यायचीय, बघतो, डॉक्टरांकडे गेलो की विचारतो. त्या "बघतो"मध्ये नकार नसतो. त्यात एक सुट्टी असते, एक नंबर लावणं असतं, एक तासभराची वाट बघणं असतं. मी तिथेच "मग या, बसा" म्हणू शकले असते तर त्यातले कितीतरी जण बसले असते.

कुणाला द्यायची नाही, हेही तितकंच महत्त्वाचं आहे. गोवर, कांजिण्या, पीतज्वर यांच्या लसींत जिवंत, दुबळे केलेले विषाणू असतात. गर्भवतीला त्या देत नाहीत. ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली आहे त्यांनाही देत नाहीत. आता अशी औषधं कोण घेतंय, हे कुठे दिसतं? रोज २० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ चालू आहे, हे माझ्या संगणकात दिसतं. संधिवातासाठी जैविक औषधाचं इंजेक्शन दर पंधरवड्याला जातंय, तेही दिसतं. एक औषध त्वचेच्या डॉक्टरांनी दिलेलं, दुसरं सांध्यांच्या, तिसरं छातीच्या. तिघांच्या चिठ्ठ्या एकत्र येतात त्या माझ्या काउंटरवर. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्याला लस देता येते, फक्त सुई बारीक घ्यायची आणि नंतर न चोळता दोन मिनिटं घट्ट दाबून धरायचं. पण तो त्या गोळ्या घेतो हे आधी माहीत तर हवं. पुष्कळ माणसं स्वतःहून सांगत नाहीत, कारण त्यांना ती "हृदयाची छोटी गोळी" वाटते.

हा काही नवा, अंधारातला प्रयोग नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात फार्मासिस्टांना लसीकरणाचं रीतसर प्रशिक्षण देणं १९९४ मध्ये सुरू झालं. २००९ पर्यंत तिथल्या सगळ्या ५० राज्यांनी या ना त्या स्वरूपात परवानगी दिली होती. पोर्तुगालने २००७ मध्ये कायदा केला. आयर्लंडमध्ये २०११ पासून औषधांच्या दुकानांत फ्लूची लस मिळते, इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने २०१५ पासून ती देशभर सुरू केली. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडने २०१४ मध्ये आधी थोड्या ठिकाणी करून पाहिलं, मग बाकीची राज्यं आली. फ्रान्सचा रस्ता मला सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो. तिथे डॉक्टरांचा विरोध मोठा होता. म्हणून २०१७ मध्ये फक्त दोन प्रांतांत प्रयोग केला, पुढच्या वर्षी चार प्रांतांत, आणि २०१९ मध्ये देशभर. २०२३ मध्ये तर प्रशिक्षित फार्मासिस्टांना ११ वर्षं आणि त्यावरच्या सगळ्यांसाठी राष्ट्रीय वेळापत्रकातल्या बहुतेक लसी स्वतः लिहून देण्याची आणि टोचण्याची मुभा मिळाली. सहा वर्षांत दोन प्रांतांपासून इथवर. कुणी डोळे मिटून उडी मारली नाही.

यातून काय साधलं? एक आकडा मला फार बोलका वाटतो. अमेरिकेतल्या औषध दुकानांच्या एका मोठ्या साखळीने ऑगस्ट २०११ ते जुलै २०१२ या वर्षभरात ६० लाखांहून जास्त लसी दिल्या. त्यांच्या वेळा तपासल्या तेव्हा दिसलं की त्यातल्या जवळपास ३० टक्के लसी संध्याकाळी, शनिवार-रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी दिल्या गेल्या होत्या. म्हणजे दवाखाने बंद असतात त्या वेळी. हा आकडा वाचला की मला ते गृहस्थ आठवतात. डॉक्टरांची वेळ संपली तेव्हा माझं दुकान अजून दोन तास उघडं होतं.

डॉक्टर मंडळींनो, आता थोडं आपल्याशी. आपल्या हरकती मी वाचल्या आहेत, काही प्रत्यक्ष ऐकल्या आहेत. त्या सगळ्या पोटदुखीतून आलेल्या आहेत असं मी मानत नाही. लसीच्या निमित्ताने रुग्ण येतो, मग वजन बघितलं जातं, छाती तपासली जाते, एखादी गाठ लक्षात येते, हे खरं आहे. लहान मुलांच्या बाबतीत तर शंभर टक्के खरं आहे. म्हणून तान्ह्या बाळांच्या आणि पहिल्या काही वर्षांच्या लसी आपल्याकडे किंवा आरोग्यकेंद्रातच राहाव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे. मांडीत इंजेक्शन घेणारं सहा महिन्यांचं बाळ माझ्या दुकानात यावं, असं मला वाटत नाही. मोठ्या मुलांसाठी मार्ग आहे. ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेत महासाथीमुळे मुलांचं नेहमीचं लसीकरण घसरलं, तेव्हा ३ ते १८ वर्षांच्या मुलांना लस द्यायची मुभा फार्मासिस्टांना मिळाली. त्या आदेशात किमान २० तासांचं प्रशिक्षण, त्यात प्रत्यक्ष टोचण्याचा सराव आणि हृदय-श्वसन पुनरुज्जीवनाचं प्रमाणपत्र, अशा अटी होत्या. आणि एक अट मला विशेष आवडली : मुलाची नियमित तपासणी बालरोगतज्ज्ञांकडे होणं का गरजेचं आहे, हे फार्मासिस्टने पालकांना सांगितलंच पाहिजे. तशीच अट आमच्यावरही घाला. मी आनंदाने पाळेन.

पण प्रौढांचं काय? चाळिशीतला निरोगी वाटणारा माणूस धनुर्वाताचा दहा वर्षांनी घ्यायचा बूस्टर घ्यायला म्हणून आपल्याकडे येतो का? नागिणीची लस आहे हे साठीच्या किती जणांना ठाऊक आहे? हे लोक आपल्याकडून माझ्याकडे वळणार नाहीत, कारण ते आज कुणाकडेच जात नाहीत. उलट माझ्यासमोर बसलेल्या त्या पंधरा मिनिटांत कुणी म्हणालं की चढ चढताना छातीत भरून येतं, तर मी त्याला आपल्याकडेच पाठवणार आहे. आजही पाठवते.

नोंदींची आपली तक्रार मात्र अगदी रास्त आहे. मी लस दिली आणि आपल्याला कळलं नाही, तर आपण ती पुन्हा द्याल, किंवा महिन्याच्या आत दुसरी जिवंत लस द्याल. म्हणून माझी सूचना अशी की अधिकार आणि नोंदणी यांची गाठ कायद्यातच घालावी. लसीचं नाव, बॅच, तारीख, कुठल्या दंडात, कुणी दिली, हे सामाईक नोंदवहीत त्याच दिवशी चढलं पाहिजे आणि रुग्णाच्या डॉक्टरांना दिसलं पाहिजे. नोंद न करणाऱ्याचा परवाना थांबवा. दुष्परिणाम कळवण्याचं बंधनही असंच. हे नसेल तर अधिकार देऊ नका, असं म्हणायलाही माझी तयारी आहे.

पैशाचा प्रश्न टाळून चालणार नाही. जो विकतो तोच सल्ला देतो आणि तोच टोचतो, तर मोह होणारच. तो मोह मला होणार नाही असं छातीठोक सांगण्यापेक्षा नियमाने तो कमी करणं बरं. टोचण्याचा मोबदला ठरावीक ठेवा, लस कुठल्या कंपनीची आहे त्यावर तो बदलता कामा नये. सरकारी कार्यक्रमातल्या लसी आमच्यामार्फतही विनाशुल्क मिळू द्या, म्हणजे ज्याला परवडत नाही तो मागे राहणार नाही. हा दुसरा मुद्दा सोडला तर आमच्या अधिकाराचा फायदा फक्त खिसा असलेल्यांनाच होईल, आणि त्यासाठी मी हे पत्र लिहिलेलं नाही.

आता आमच्याच घरातलं एक दुखणं. २०२३ च्या शरद ऋतूत अमेरिकेत मोठ्या साखळी दुकानांतल्या फार्मासिस्टांनी काही दिवस कामच थांबवलं. तक्रार लसींबद्दल नव्हती. तक्रार ही होती की चिठ्ठ्या तेवढ्याच, माणसं कमी, त्यात दर काही मिनिटांनी एक लस, आणि फोन वाजतोच आहे. एका हाताने मात्रा तपासायची आणि दुसऱ्या हाताने टोचायचं, अशाने एखाद्या दिवशी चुकीच्या गोळ्या कुणाच्या तरी घरी जातील. ही भीती खरी आहे. मी या कामात असल्यामुळे सांगते, दुकानात गर्दी असताना माझं लक्ष किती ठिकाणी असतं ते मलाच ठाऊक. म्हणून लस देताना औषधं तपासायला दुसरा नोंदणीकृत फार्मासिस्ट हजर हवा, किंवा लसीकरणाची वेळ वेगळी राखून ठेवायला हवी. दिवसाला इतक्या लसी झाल्याच पाहिजेत असं लक्ष्य मालकाने नोकर फार्मासिस्टवर लादणं बेकायदा ठरवा. आणि ज्याला हे काम करायचं नाही त्याला ते नाकारण्याचा हक्क असू द्या. जबरदस्तीने हातात दिलेली सुई चांगली चालत नाही.

मसुदा लिहिणाऱ्यांना एक-दोन गोष्टी कळकळीने सांगते, कारण चांगल्या हेतूचे कायदे शब्दांत अडकलेले आम्ही रोज बघतो.

लसींची नावं मूळ कायद्यात घालू नका. आज पाच नावं लिहाल, उद्या सहावी लस येईल आणि तिच्यासाठी सभागृहात पुन्हा दुरुस्ती आणावी लागेल. यादी नियमांत ठेवा, तज्ज्ञांच्या शिफारशींशी जोडा. पण ती एकाच समितीच्या गळ्यात बांधू नका. २०२५ मध्ये अमेरिकेत काय झालं ते ताजं आहे. तिथे कित्येक राज्यांत फार्मासिस्टचा अधिकार एका केंद्रीय सल्लागार समितीच्या शिफारशीवर अवलंबून होता. जूनमध्ये त्या समितीचे सगळे १७ सदस्य एकाच वेळी काढले गेले, शिफारशी लांबल्या, आणि काही राज्यांत कोविडची लस घ्यायला औषधाच्या दुकानात गेलेल्यांना पुन्हा डॉक्टरांची चिठ्ठी मागितली जाऊ लागली. फार्मासिस्ट तेच, लस तीच, फक्त कायद्यातलं एक वाक्य कच्चं निघालं. काही राज्यांनी मग घाईघाईने वैद्यकीय संघटनांच्या शिफारशीही ग्राह्य धरायचं ठरवलं. ती तरतूद आपण पहिल्यापासूनच करू शकतो.

दुसरं, प्रत्येक रुग्णासाठी वेगळी चिठ्ठी मागू नका. चिठ्ठीची अट ठेवून दिलेला अधिकार म्हणजे तीच पिशवी, तीच धावपळ, फक्त शेवटी खुर्ची माझी. एक लेखी कार्यपद्धती ठरवा : कुणाला द्यायची, कुणाला नाही, कोणते प्रश्न विचारायचे, कुठे थांबून डॉक्टरांकडे पाठवायचं. ती मोडली तर जबाबदारी माझी. ती पाळूनही काही झालं तर भरपाईची तीच व्यवस्था लागू व्हावी जी डॉक्टर किंवा नर्सने दिलेल्या लसीला लागू होते. विम्याची तरतूदही त्यातच.

वयाची मर्यादा सुरुवातीला वर ठेवलीत तरी माझी हरकत नाही. अठरा म्हणा. फ्रान्सने केलं तसं थोड्या भागात वर्षभर करून पाहा, आकडे मोजा, चुका मोजा, ते सगळं जाहीर करा, मग खाली या.

सगळं एका वेळी होणार नाही, हे मला समजतं. पण वेळेचा एक हिशेब आपल्यासमोर ठेवते. लस टोचल्यावर अंगात संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे जातात. त्याआधी प्रशिक्षण, त्याआधी परीक्षा, त्याआधी नियमांची अधिसूचना. फ्लूच्या मोसमाच्या मध्यावर निघालेला आदेश त्या वर्षी कुणाच्याच उपयोगाचा नसतो, आणि लसीचं ते वर्ष वाया जातं, कारण फ्लूची लस दर वर्षी नव्याने घ्यावी लागते. म्हणून मसुदा पुढच्या मोसमाच्या किमान सहा महिने आधी लोकांसमोर ठेवा. डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट आणि रुग्ण, सगळ्यांकडून लेखी हरकती मागवा. माझ्या या पत्रातल्या अटी त्यात घातल्यात तर त्यांवर सही करायला मी पहिली येईन. प्रशिक्षणाचे तास मी माझ्या सुट्टीत भरेन. माझ्याकडे फ्रीज आहे, तापमानाची वही आहे, संगणकात औषधांच्या नोंदी आहेत. आडोशाची जागा, हात असलेल्या दोन खुर्च्या आणि अॅड्रेनलिन यांची सोय मी करून ठेवते.

कळावे,

आपली,
एक नोंदणीकृत फार्मासिस्ट